नाळेचं रक्त आणि शंभर मिलिसेकंद

मेडिकल कॉलेजातल्या प्राध्यापकाची प्रकाशनांची यादी वाचायला कुणी बसत नाही. ती मोजली जाते. बढतीच्या मुलाखतीत पेन यादीवरून फिरतं ते तीनच गोष्टी बघायला. लेख किती, लेखकांमध्ये आपलं नाव कितवं आणि नियतकालिक कुठल्या सूचीत बसतं. नांदेड आणि लातूर या दोन गावांत मिळून जवळजवळ सगळी नोकरी केलेल्या शरीरक्रियाशास्त्राच्या एका प्राध्यापिकेची यादीही अशीच मोजली गेली. विद्यार्थी त्यांना नुसतं ‘मॅडम’ म्हणतात. इथंही तेच म्हणू.

यादीचे सरळ दोन भाग पडतात. एका भागात नवजात बाळं आहेत: नाळेच्या रक्तातली साखर, बिलिरुबिन, जन्मवजन, आईचं हिमोग्लोबिन. दुसऱ्या भागात डोळा आहे: डोळ्यातला दाब, आणि समोरच्या पडद्यावर काळे-पांढरे चौकोन उलटसुलट झाले की डोक्याच्या मागच्या भागात उमटणारी विजेची लाट. “एकच विषय धरून का नाही बसलात?” असं त्यांना अनेकांनी विचारलं. त्यांच्या लेखी तो एकच विषय होता, पण मुलाखतीच्या खोलीत तेवढं ऐकायला कुणाला वेळ नसायचा.

सुरुवात नाळेपासून करू. पोटात असताना बाळाला साखर आयती मिळत असते. वारेतून आईचं रक्त सतत पुरवठा करतं, बाळाला स्वतः काही करावं लागत नाही. नाळेला चिमटा लागला की हा पुरवठा एका क्षणात तुटतो. पहिल्या तास-दोन तासांत बाळाच्या रक्तातली साखर खाली येते आणि मग यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन मोडून, चरबी जाळून, नवी साखर तयार करून बाळ ती पुन्हा वर आणतं. पूर्ण दिवसांचं, धडधाकट बाळ हे बिनबोभाट करतं. कमी वजनाच्या किंवा दिवस भरण्याआधी आलेल्या बाळाचा साठा मुळातच तुटपुंजा असतो. मधुमेही आईच्या बाळाचं इन्सुलिन चढलेलं असतं, त्यामुळे त्याची साखर घसरते ती वेगळ्या कारणानं. वॉर्डात साधारण ४० मिलिग्रॅमच्या आसपासची रेघ धरून डॉक्टर हालचाल सुरू करतात.

ही साखर मोजायची म्हणजे काय, हे लेखातल्या ‘पद्धती’ या परिच्छेदात दोन ओळींत उरकलेलं असतं. लेबर रूममध्ये ते दोन ओळींत उरकत नाही. बाळ बाहेर आलं की सिस्टरचे दोन्ही हात बाळात, डॉक्टरांचे आईत. त्या घाईत नाळेच्या वारेकडच्या टोकातून रक्त ओढायचं, ते करड्या झाकणाच्या फ्लोराइड बल्बमध्ये घालायचं, बल्ब अलगद उलटासुलटा करायचा, त्यावर वेळ लिहायची आणि तो बर्फात ठेवायचा. यात सगळ्यात आधी राहून जाते ती वेळ. आणि खरं तर सगळा भरवसा तिच्यावरच असतो, कारण बाटलीत गेल्यावरही रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. मोठ्या माणसाच्या रक्तातसुद्धा, ते तसंच पडू दिलं, तर साखर तासाला पाच-सात टक्क्यांनी उतरते. नवजात बाळाच्या रक्तात तांबड्या पेशींची दाटी जास्त, म्हणून उतार आणखी तीव्र. फ्लोराइड हे खाणं थांबवतं खरं, पण त्याचा अंमल पूर्ण बसायला वेळ जातो. मधल्या वेळेत थंडावाच कामी येतो.

आता हे सगळं मे महिन्यातल्या नांदेडला आणून बसवावं. बाहेर पारा चाळिशीच्या वर, लेबर रूम एका टोकाला, प्रयोगशाळा दुसऱ्या टोकाला, बल्ब घेऊन जाणारा मामा वाटेत आणखी दोन वॉर्डांचे नमुने गोळा करणारा. अशा वाटेनं आलेल्या रक्तात साखर कमी निघाली, तर ती बाळाची कमी होती की वाटेत गेली? मॅडमनी म्हणून सुरुवातीलाच ठरवून टाकलं की ज्या बल्बवर वेळ नाही तो नमुना बाद. कितीही कष्टानं मिळालेला असो. त्यांच्या हाताखाली प्रबंध करणाऱ्या मुलामुलींना हा नियम जाचक वाटायचा. रात्री तीनची प्रसूती, झोपमोड करून घेतलेलं रक्त, आणि सकाळी मॅडम ते बाजूला ठेवणार. पण छापील लेखातल्या तक्त्यात नमुन्यांची संख्या अपेक्षेपेक्षा कमी दिसते त्यामागे असलं काही असतं, आणि त्या कमी आकड्याबद्दल त्यांना आजही समाधान वाटतं.

संमतीपत्राचं काम याहून नाजूक. नांदेडच्या वॉर्डात एकाच रांगेत मराठी, दखनी, लमाणी आणि देगलूर-बिलोली-धर्माबादकडून आलेली तेलुगू ऐकू येते. कळा देणाऱ्या बाईपुढे कागद धरून अंगठा घेणं मॅडमना पटत नव्हतं. मग कळा सुरू होण्याआधी, तपासणीच्या वेळीच, सोबतच्या सासूला किंवा आईला बसवून सांगायचं: बाळाला टोचायचं नाही, नाळ कापल्यावर जे रक्त वाया जातं त्यातलं थोडं घ्यायचं. बायका विचारायच्या, “लेकराला काई होणार नाई ना, माय?” नाही म्हटलं की बहुतेक जणी हो म्हणायच्या. एखादी नाही म्हणायची, आणि तिचं नाव तिथंच संपायचं.

वॉर्डात बसल्यामुळे दुसऱ्याही गोष्टी कळल्या. बाळ जन्मल्यावर चीक पिळून टाकायचा आणि पहिले एक-दोन दिवस मध किंवा गुळाचं पाणी चाटवायचं, ही चाल मराठवाड्यात अनेक घरांत होती, अजूनही आहे. “दूधच उतरंना, मंग मध चाटविला,” असं आजी सहज सांगते. ज्या तासांत बाळाची साखर सगळ्यात खाली असते नेमक्या त्याच तासांत त्याच्या पोटात जाणार काय, तर बोटाच्या टोकाएवढा मध. शिवाय मधात जंतूंची बीजं असू शकतात, ते निराळंच. दूध उतरलं नाही असं जिला वाटतं तिचा चीक थेंबाथेंबानंच येत असतो, आणि पहिल्या दिवशी बाळाला तेवढाच लागतो. बाळंतपण सिझेरियननं झालं असेल, तर दूध उतरायला आणखी उशीर होतो.

नाळेच्या रक्तावर काम करताना मॅडमना सगळ्यात मोठा आधार पुण्याहून मिळाला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. त्या गावांतल्या बाळांचं सरासरी जन्मवजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान असतात हे कुणालाही ठाऊक होतं. २००३ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या लेखानं त्यापुढचं सांगितलं. आपल्या बाळाचं पोट लहान, दंड बारीक, स्नायू कमी. पण खांद्याच्या फऱ्याखाली कातडीची चिमूट धरून मोजलं तर तिथली चरबी मात्र जवळपास टिकून राहिलेली. म्हणजे दिसायला किडकिडीत आणि आतून चरबी राखून असलेलं बाळ. त्याआधी, २००२ मध्ये, याच गटानं नाळेचं रक्त तपासून दाखवलं होतं की भारतीय बाळाचं वजन लंडनच्या गोऱ्या बाळापेक्षा कितीतरी कमी असूनही त्याच्या रक्तात इन्सुलिन जास्त असतं. चाळिशीत होणाऱ्या मधुमेहाची मुळं नाळ कापताना सापडत होती.

मॅडमनी त्या लेखांतून जी गोष्ट उचलली ती सोपी होती आणि त्यांच्या यादीतल्या प्रत्येक ओळीमागे तीच आहे. पुस्तकात ‘नॉर्मल’ म्हणून जो आकडा छापलेला असतो तो कुणाचा तरी मोजलेला असतो. आपण विद्यार्थ्यांना शिकवतो ती बरीच मूल्यं ज्यांच्या अंगावर मोजली गेली त्यांचं जन्मवजन, जेवण, हवामान आपल्यासारखं नव्हतं. नांदेडच्या बाळाला आजारी ठरवायचं की निरोगी, हे सांगणारी रेघ नांदेडच्या बाळांना मोजल्याशिवाय ओढता येत नाही. हे काम मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्था आपल्यासाठी करतील अशी वाट बघण्यात अर्थ नाही. ज्याच्या हातात बल्ब आहे त्यानंच ते करायचं. जिल्ह्याच्या कॉलेजातून निघणाऱ्या लहान लेखांना ‘यात नवीन काय?’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांचं मॅडमना याच कारणासाठी पटत नाही.

आणि डोळा? तो यादीत आला तो बाळांच्या मागूनच.

बालरोग विभागाकडून मधूनमधून एक तक्रार घेऊन आया यायच्या. बाळ तीन-चार महिन्यांचं, अंगानं बरं, पण “लेकरू नजर देईना.” नेत्रविभागात तपासलं तर डोळा स्वच्छ, बाहुली आकसते, आतला पडदा ठीक. मग बाळ बघत का नाही? जुना कागद काढला की कधीकधी सापडायचं: जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झटके, साखर फार कमी. नवजात बाळाची साखर बराच वेळ खाली राहिली तर मेंदूचं जे नुकसान होतं ते पुष्कळदा मेंदूच्या मागच्या भागात जास्त होतं, आणि दृष्टीचं केंद्र तिथंच असतं. कॅमेरा शाबूत, पण चित्र उमटवणारी जागा दुखावलेली. भारतात लहान मुलांमधल्या मेंदूजन्य अंधत्वाची आणि हट्टी फिट्सची जी कारणं सापडतात त्यांत नवजातपणी घसरलेली साखर ठळकपणे येते. मॅडमच्या यादीतले दोन भाग इथं शिवले जातात.

डोळा शाबूत आहे पण लाट पोचते का, हे बघायची परीक्षा शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेतच होते. त्या परीक्षेचं नाव व्हीईपी. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, सेकंदाला ठरावीक वेळा काळ्याचे पांढरे होणारे. रुग्णानं मधल्या ठिपक्याकडे बघायचं. डोक्याच्या मागं, मानेवरच्या उंचवट्याच्या थोडं वर, एक इलेक्ट्रोड. मेंदूची नेहमीची विजेची गजबज या लाटेपेक्षा कितीतरी मोठी असते, म्हणून शंभरेक वेळा तेच दृश्य दाखवून, प्रत्येक वेळची नोंद एकावर एक ठेवून सरासरी काढतात. गजबज आपापसात खोडली जाते आणि लाट उरते. निरोगी मोठ्या माणसात तिचं मुख्य शिखर सुमारे शंभर मिलिसेकंदांना येतं, म्हणून त्याला पी-१०० म्हणतात. नवजात बाळात ते खूप उशिरा येतं आणि पहिल्या काही महिन्यांत झपाट्यानं अलीकडे सरकतं. बाळ ठिपक्याकडे बघत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी चौकोनांऐवजी प्रकाशाचे झोत वापरतात.

पुस्तकात जे नसतं ते डोक्यावर असतं: खोबरेल तेल. मराठवाड्यात आईनं बाळाला आणि बाळाच्या थोरल्या भावंडांना टाळू भरून तेल घातल्याशिवाय दवाखान्यात आणलेलं क्वचितच. तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड धरत नाही, रोध वाढतो, लाट दिसेनाशी होते. रोध पाच किलोओहमच्या खाली आणण्यासाठी स्पिरिटनं पुसायचं, खरखरीत पेस्टनं घासायचं, तरी भागलं नाही तर नळाखाली डोकं धुऊन परत यायला सांगायचं. पुढं मॅडमनी तपासणीच्या आदल्या दिवशी द्यायच्या चिठ्ठीवर पहिलीच ओळ छापून घेतली: डोकं धुऊन यावं, तेल लावू नये. दुसरी ओळ चष्म्याची, कारण चष्मा घरी विसरलेल्या माणसाला चौकोन धूसर दिसतात आणि लाट उगाच उशिरा येते. घाम हा तिसरा शत्रू, आणि खोलीतला पंखा लावला की वायरीतून येणारी पन्नास हर्ट्‌झची गुणगुण चौथा. अर्थिंग नीट बसवणाऱ्या वायरमनचं नाव लेखाच्या शेवटी आभारात घालावं, असं मॅडमनी एकदा सुचवलं होतं. ते छापलं गेलं नाही.

व्हीईपीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतच म्हटलेलं आहे की प्रत्येक प्रयोगशाळेनं आपली नॉर्मल मूल्यं स्वतः मोजून ठरवावीत. चौकोनाचा आकार, पडद्याचा उजेड, खोली, यंत्र, यातलं काहीही बदललं की मिलिसेकंद बदलतात. त्यामुळे इथं ‘नॉर्मल कुणाचं’ हा प्रश्न हट्टाचा राहत नाही. तो परीक्षेच्या नियमातच बसवलेला आहे. डोळ्यातल्या दाबाचंही तेच. १० ते २१ मिलिमीटर पारा हे सगळ्यांना पाठ असतं, पण बुब्बुळावरची पारदर्शक काच जाड असेल तर यंत्र दाब जास्त दाखवतं, पातळ असेल तर कमी. शिवाय दिवसाच्या वेळेप्रमाणे दाब हलतो. सकाळी मोजलेल्या शंभर विद्यार्थ्यांशी संध्याकाळी मोजलेल्या रुग्णांची तुलना करून काढलेला निष्कर्ष मॅडम तपासनीस म्हणून एका बैठकीत परत पाठवतात.

बाळ, उजेड आणि डोळा यांची आणखी एक गाठ कावीळ झालेल्या प्रत्येक बाळाच्या पेटीत दिसते. निळ्या दिव्याखाली उघडं बाळ, कमरेला लंगोट आणि डोळ्यांवर पट्टी. ही उपचारपद्धत इंग्लंडमधल्या एसेक्सच्या रॉचफर्ड रुग्णालयात १९५० च्या दशकात सापडली. तिथल्या सिस्टर वॉर्ड बाळांना अंगणातल्या उन्हात नेत असत. एका बाळाच्या अंगाचा उन्हाला उघडा राहिलेला भाग फिकट आणि झाकलेला भाग पिवळा राहिल्याचं त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. पुढं खिडकीत उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या एका नळीत बिलिरुबिन अनपेक्षितपणे कमी निघालं. या दोन गोष्टींतून रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख छापला. मॅडम ही हकिगत पहिल्या वर्षाच्या वर्गात सांगतात आणि लगेच काळ्या कागदात गुंडाळलेला बल्ब दाखवतात. जे ऊन बाळाला बरं करतं तेच ऊन नमुना बिघडवतं. लातूरच्या खिडकीतलं ऊन एसेक्सपेक्षा किती कडक, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

ऑक्सिजनची गोष्ट अधिक दुःखाची. १९४२ मध्ये बोस्टनच्या टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधलं एक अंधत्व नोंदवलं. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवलं ते पेटीत सढळ हातानं सोडलेल्या ऑक्सिजनवर. बाळ वाचवणारी गोष्टच डोळ्याच्या पडद्यावरच्या वाढत्या रक्तवाहिन्या बिघडवत होती. आज जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात अतिदक्षता कक्ष झाले, दीड किलोची बाळं वाचू लागली, आणि हा आजार आपल्या दारात आला. २००० ग्रॅमच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे, असं भारतातला नियम सांगतो. फारच लहान बाळाचा त्याहून आधी. पण अहमदपूर किंवा किनवटजवळच्या गावातली बाई बाळंतपणानंतर माहेरी गेलेली असते, बाळ ‘बरं’ होऊन घरी आलेलं असतं, आणि बऱ्या बाळाला डोळ्याच्या डॉक्टरकडे का न्यायचं हे घरात कुणाला उमगत नाही. सुटीच्या कागदावर तारीख लाल अक्षरात लिहायची, तोंडी सांगायची, फोन करायचा. संशोधनात न बसणारं हे काम मॅडमनी आणि बालरोग विभागातल्या तरुण डॉक्टरांनी मिळून लावून धरलं. त्यावर लेख झालेला नाही. व्हायला हवा होता.

लातूरला बदली झाल्यावर साखर-बिलिरुबिनचं काम पुन्हा पहिल्यापासून उभं करावं लागलं. २०१६ च्या उन्हाळ्यात तर मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. काचेची भांडी धुवायलाही पाणी लागतं आणि ती नीट धुतली गेली नाहीत, तर आकडे खोटे येतात, हे बाहेरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. त्या दिवसांत मॅडमनी रक्ताचं काम कमी केलं आणि पाणी न लागणारं डोळ्यांचं काम पुढं रेटलं. यादीत त्या सुमाराला डोळ्यांचे लेख का वाढले, याचं उत्तर एवढंच.

यादी मोजण्याचे नियमही दरम्यान बदलत गेले. २०१५ मध्ये तेव्हाच्या भारतीय आयुर्विज्ञान परिषदेनं बढतीसाठी फक्त मूळ संशोधनाचे लेख, श्रेय पहिल्या दोन लेखकांनाच, आणि नुसती इंटरनेटवर निघणारी नियतकालिकं धरायची नाहीत, असं ठरवलं. २०२० मध्ये परिषद जाऊन राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग आला, तरी मोजणी संपली नाही. नाळेच्या रक्ताचा अभ्यास दोन माणसांत होतच नाही. प्रसूतितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, जीवरसायनवाले, रात्रपाळीच्या सिस्टर आणि लेखनिक यांच्याशिवाय एक बल्बही पुढं सरकत नाही. २०१५ च्या नियमात तिसऱ्या क्रमांकापासून पुढच्यांना काहीच मिळत नव्हतं, मग पुढच्या अभ्यासाला ते कशासाठी जागणार होते? आणि दुसऱ्या बाजूला, पैसे भरले की महिन्याभरात छापून देणाऱ्या नियतकालिकांची पत्रं रोज येत असतात. तरुण सहकाऱ्याच्या डोक्यावर बढतीची तारीख असते, त्याला मोह पडतो यात मॅडम त्याला दोष देत नाहीत. नियम करणाऱ्यांना देतात, आणि ते बैठकीत बोलूनही दाखवतात.

सध्या विभागात नवं व्हीईपी यंत्र आलं आहे. जुना काचेच्या नळीचा पडदा जाऊन सपाट पडदा आला. सपाट पडद्यावर चौकोन बदलायला किंचित वेळ लागतो आणि त्यामुळे मिलिसेकंद सरकतात, म्हणजे वर्षानुवर्षं जमवलेली आपली मूल्यं या यंत्रावर लागू होत नाहीत. ती पुन्हा मोजावी लागणार: वेगवेगळ्या वयाची, निरोगी डोळ्यांची, चष्मा असेल तर तो लावून येणारी माणसं लागणार. निवृत्तीला थोडाच काळ उरलेल्या मॅडमनी पहिल्या वर्षाच्या वर्गात नावं लिहून घ्यायला सुरुवात केली आहे, आणि प्रत्येकाच्या हातात ती जुनी चिठ्ठी दिली आहे, पहिली ओळ अधोरेखित करून.